साडी नेसून गाडी चालवतो, सिग्नलवरच्या कॅमेऱ्यांचं काय करू? एका वकिलाचं उत्तर

नाशिकच्या इंदिरानगरमधल्या एका गृहस्थांचा प्रश्न आहे. नाव त्यांनी दिलेलं नाही, ते बरंच केलं. वय पस्तिशीच्या आसपास, नोकरी अंबड एमआयडीसीत, घरी आईवडील आणि बायको. घरचे गावी गेले की एखाद्या रात्री ते साडी नेसतात किंवा पंजाबी ड्रेस घालतात, विग आणि मेकअप सगळं नीट करतात आणि गाडी काढून गंगापूर रोडने धरणाच्या बाजूला चक्कर मारून येतात. कुठे उतरत नाहीत, कुणाला भेटत नाहीत. गाडी वडिलांच्या नावावर आहे. आता सिंहस्थाच्या तयारीत शहरात कॅमेऱ्यांचे नवे खांब दिसायला लागलेत, आणि मागच्या आठवड्यात मुंबई नाक्याला सिग्नल पिवळा असताना गाडी पुढे काढली तेव्हा वरून काहीतरी चमकल्यासारखं वाटलं. तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही. ते विचारतात: फोटो घरी येईल का? कंट्रोल रूममध्ये कुणी ओळखेल का? काचांना काळी फिल्म लावून टाकू का? आणि पोलिसांनी अडवलंच, तर हा गुन्हा आहे का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, म्हणजे बाकीचं शांतपणे वाचाल. नाही, हा गुन्हा नाही. पुरुषाने साडी नेसून गाडी चालवू नये असं मोटार वाहन कायद्यात नाही आणि दुसऱ्या कुठल्याही कायद्यात नाही.

मी नाशिकच्या कोर्टात वकिली करते. अपघाताचे क्लेम, लायसन्सच्या भानगडी, चलानं आणि त्याच्या जोडीला नवराबायकोचे वाद, ही माझी रोजची कामं. दोन्हींचा एकमेकांशी काय संबंध, असं वाटेल. पण चलानाच्या मेसेजवरून घरात पेटलेली भांडणं माझ्या टेबलावर आली आहेत. तुमच्यासारखे अशीलही येऊन गेलेत. बहुतेक जण कॅमेऱ्याला घाबरून येतात, आणि गाडीचे कागद काढून बसलो की निघतं भलतंच: धोका आहे, पण ते बघत होते त्या बाजूला नाही. अर्थात सगळ्यांना एकच उत्तर लागू पडत नाही. गाडी कुणाच्या नावावर, आरसीला मोबाईल कुणाचा जोडलेला, गाडी चारचाकी की दुचाकी, आणि मुळात नियम मोडला की नाही, यावर बरंच अवलंबून आहे.

आधी कॅमेरे. खांबावर दिसतो तो प्रत्येक कॅमेरा एकाच कामाचा नसतो. चौकात उंचावर लावलेले गोल किंवा फिरते कॅमेरे बंदोबस्ताचे, म्हणजे गर्दी, मिरवणूक, चोरी, मारामारी यांच्यासाठी. त्यात तुमच्या गाडीचं छत दिसतं, फार तर पुढची काच, तीही समोरच्या दिव्यांच्या झगमगाटात. दुसरा प्रकार नंबर प्लेट वाचणाऱ्या कॅमेऱ्यांचा. यातले बरेचसे इन्फ्रारेड प्रकाश वापरतात. तो प्लेटच्या चमकणाऱ्या पृष्ठभागावरून परत येतो, म्हणून रात्रीच्या फोटोत प्लेट लख्ख आणि आतला माणूस अंधारात असं चित्र बरेचदा दिसतं. हा प्रकाश डोळ्याला दिसत नाही. त्यामुळे चमकलं म्हणजे फोटो निघालाच असं नाही, आणि काहीच चमकलं नाही म्हणजे निघाला नाही असंही नाही. मुंबई नाक्याला रात्री चमकायला रिक्षांच्या दिव्यांपासून हजार गोष्टी आहेत.

तिसऱ्या प्रकाराबद्दल मात्र खोटा दिलासा देणार नाही. सीटबेल्ट लावला आहे का, हातात मोबाईल आहे का हे बघणारे कॅमेरे पुढच्या काचेतून थेट आत बघतात, त्यांचं कामच ते आहे. मुंबई-पुणे एक्स्प्रेस वेवर असे लागले आहेत. त्यांच्या फोटोत ड्रायव्हर बऱ्यापैकी दिसतो, साडीचा काठ कळेल इतका स्पष्टही कधी येतो. आणि चौथा प्रकार म्हणजे वाहतूक हवालदाराच्या हातातलं मशिन किंवा मोबाईल. चौकात कोपऱ्यावर उभं राहून टिपलेले हे फोटो सगळ्यात जवळून काढलेले असतात, तेव्हा खांबापेक्षा तुम्ही या हाताकडे जास्त लक्ष द्या.

आता हे फोटो जातात कुठे? २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३६अ आलं, आणि ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत नियम १६७अ. कॅमेऱ्यावरून चलान कसं करायचं हे त्यात लिहिलं आहे. चलानासोबत गुन्हा आणि नंबर प्लेट स्पष्ट दाखवणारा फोटो, तारीख, वेळ, ठिकाण आणि कोणतं कलम मोडलं हे हवं. कॅमेऱ्याच्या टप्प्याआधी सूचनेचा फलक हवा. नोटीस १५ दिवसांत निघायला हवी, आणि चलान निकाली निघेपर्यंत ती नोंद जपून ठेवायची. चेहरा ओळखून चलान करण्याचा यात प्रश्नच येत नाही, कारण चलान गाडीवर होतं. गाडीचा नंबर टाकला की समोर मालकाचं नाव येतं. गाडी कोण चालवत होतं, तिने साडी नेसली होती की त्याने, याच्याशी त्या कॉम्प्युटरला कर्तव्य नाही. नियम मोडलेल्या गाड्यांची ढीगभर यादी समोर घेऊन बसलेला कंट्रोल रूममधला शिपाई तुमचा भुवयांचा आकार बघत नाही. तिथेही माणसंच असतात, आगाऊ माणूस कुठेही असू शकतो, हे मान्य. पण तुम्ही नियमच मोडला नसेल तर तुमची गाडी त्या यादीत येण्याचं कारण राहत नाही.

खरी ठेच लागते ती पुढच्या पायरीला. चलानाचा मेसेज जातो आरसीला जोडलेल्या मोबाईलवर. २०२३ मध्ये केरळात तिरुअनंतपुरमला नेमकं हेच झालं होतं. नवरा स्कूटरवरून एका बाईला मागे बसवून चालला होता, हेल्मेट नव्हतं, कॅमेऱ्याने फोटो काढला. स्कूटर बायकोच्या नावावर, त्यामुळे फोटोसकट मेसेज बायकोच्या मोबाईलवर. त्या बाईला नुसती लिफ्ट दिली होती, असं त्याचं म्हणणं. भांडण विकोपाला गेलं, त्याने बायकोला आणि लहान मुलाला मारलं, आणि प्रकरण अटकेपर्यंत गेलं. मारहाणीला माफी नाही, तो विषयच वेगळा. इथे बघायचं ते एवढंच की फोटो कुणी फोडला नव्हता. यंत्रणेने नियमाप्रमाणे आपलं काम केलं आणि फोटो बरोबर मालकिणीकडे पोचवला.

म्हणून पहिलं काम हे करा. आरसी काढा, आणि तिला कुणाचा मोबाईल जोडला आहे ते बघा. गाडी वडिलांच्या नावावर असली तरी मोबाईलही त्यांचाच असेल असं गृहीत धरू नका. शोरूममध्ये फॉर्म भरताना ज्याने ओटीपी सांगितला त्याचा नंबर लागतो, आणि बऱ्याच घरांत तो मुलाचाच असतो. वडिलांचाच निघाला तर त्यांना न सांगता बदलण्याची आयडिया डोक्यातून काढून टाका. बदलताना मालकाची ओळख पटवावी लागते, आणि हे उघडकीला आलं तर साडीपेक्षा मोठा प्रश्न उभा राहील. सरळ मार्ग म्हणजे गाडी स्वतःच्या नावावर करून घेणं. वडील तयार असतील तर फॉर्म २९ आणि ३० भरून पेठ रोडच्या आरटीओत हे काम होतं. कर्ज असेल तर बँकेची एनओसी लागेल. ‘बाबा, तुम्हाला आता या कागदांची कटकट नको’ एवढं कारण कुठल्याही घरात पुरतं, आणि ते खोटंही नाही. गाडी कंपनीची असेल तर चलान ॲडमिनच्या टेबलावर जातं. त्या गाडीने ही चक्कर मारूच नका.

मुंबई नाक्याच्या त्या रात्रीचं म्हणाल तर अंदाज बांधत बसू नका. वाहतूक पोलिसांच्या महाट्रॅफिक साइटवर गाडीचा नंबर आणि चेसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाकले की चलान आहे की नाही दिसतं, फोटोही दिसतो. पिवळ्यावर रेषा ओलांडली असेल तर सहसा चलान होत नाही, लाल पडल्यावर ओलांडली तर होतं. नोटिशीला १५ दिवसांची मुदत असली तरी प्रत्यक्षात उशिरा चढलेली चलानंही मी पाहिली आहेत, म्हणून महिनाभर अधूनमधून बघत राहा. आणि चलान आलंच तर भरून मोकळे व्हा. ‘मी नव्हतोच’ म्हणून तक्रार टाकली तर फोटो उघडून बघितला जाणार, कलम १३३ खाली मालकाला म्हणजे वडिलांना ‘गाडी कोण चालवत होतं’ हे विचारता येणार. नुसतं थकवलं तर लोकअदालतीची नोटीस त्याच मोबाईलवर येते. एका चलानापायी तीन मेसेज घरी कशाला?

हाच न्याय फास्टॅगला. घोटी, शिंदे, पिंपळगाव बसवंत, कुठलाही टोल ओलांडला की बँकेचा मेसेज वेळेसकट टॅगला जोडलेल्या मोबाईलवर. धरणाच्या रस्त्याला टोल नाही, तेवढं तुमच्या पथ्यावर.

आता ज्याबद्दल तुम्ही विचारलंच नाही, ते. माझ्याकडे आलेल्या अशा प्रकरणांत भांडं फुटलं ते सरकारी कॅमेऱ्याने नाही, घरच्या कॅमेऱ्याने. सोसायटीच्या पार्किंगमध्ये, लिफ्टमध्ये, गेटवर कॅमेरे असतात आणि त्यांचं फुटेज सेक्रेटरीच्या मोबाईलवर चालू असतं. शहराच्या कॅमेऱ्यांना तुमचं नाव ठाऊक नाही. सोसायटीच्या कॅमेऱ्यासमोर बसलेल्या काकांना तुमचा फ्लॅट नंबर, मेंटेनन्स कधी भरला आणि बायको कुठल्या गावची हे सगळं पाठ आहे. त्यामुळे साडी नेसून लिफ्टने खाली येणं हा तुमच्या पूर्ण प्रवासातला सगळ्यात धोक्याचा टप्पा, मुंबई नाका नव्हे. काही जण घरून शर्ट-पँटमध्ये निघतात आणि बाकीची तयारी ओळखीच्या सुरक्षित जागी करतात. ते सोपं नाही, गाडीत बसल्या बसल्या साडी तर नेसताच येत नाही. पण पंजाबी ड्रेसवर सैल जॅकेट आणि विग पिशवीत, इतकं जमतं.

नवीन गाड्यांना कंपनीचं ॲप असतं. गाडी कुठे आहे, कधी सुरू झाली, सगळं दाखवतं. ते वडिलांच्या फोनवर असेल तर कॅमेऱ्याची गरजच काय? डॅशकॅम असेल तर तो रस्त्यासोबत गाडीतला आवाजही रेकॉर्ड करतो, काही मॉडेल आतलं चित्रही घेतात, आणि कार्ड पुढच्या खेपेला मेव्हणा उघडून बघतो. गूगलची टाइमलाइन, घरच्यांशी शेअर केलेलं लोकेशन, हेही एकदा तपासा. आणि गाडीत काढलेले सेल्फी कुठल्याही ग्रुपवर टाकताना मागे नंबर प्लेट, सोसायटीचा स्टिकर, कंपनीचा पास दिसत नाही ना, हे बघाच. चेहरा झाकून फोटो टाकणारे लोक काचेवरचा पार्किंगचा स्टिकर झाकायला विसरतात.

काळ्या फिल्मचं उत्तर एका शब्दात: नको. सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ ला अविषेक गोएंका यांच्या याचिकेत काचांवर फिल्म चिकटवायला मनाई केली. काच कारखान्यातूनच किती पारदर्शक असावी हे नियम १०० मध्ये आहे: पुढची-मागची किमान ७० टक्के, बाजूच्या किमान ५० टक्के. पण कायदा बाजूला ठेवला तरी हा सौदा तोट्याचाच आहे. रात्री काळ्या काचांची गाडी दिसली की हवालदार तिलाच बाजूला घेतो. काच खाली करा, खाली उतरा, फिल्म इथल्या इथे काढा. दहा माणसांसमोर, रस्त्याच्या दिव्याखाली, साडीत उभं राहून तुम्ही काचेवरची फिल्म नखाने सोलताय, हे चित्र डोळ्यासमोर आणा. शिवाय पुढच्या काचेला फिल्म लावता येत नाही, आणि आत बघणारा कॅमेरा तिथूनच बघतो. नंबर प्लेट वाकवणं, चिखल फासणं, कापड टाकणं हे तर अजिबात नाही. त्याचं कारण पुढच्या परिच्छेदात आहे.

महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ मध्ये कलम १२२ आहे. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात, गुन्हा करण्याच्या इराद्याने चेहरा झाकलेला किंवा वेष बदललेला माणूस सापडला तर त्याच्यावर या कलमाखाली कारवाई होते. कुणी अर्धवट ऐकून तुम्हाला हे कलम सांगेल आणि घाबरवेल. मधले शब्द नीट वाचा: गुन्हा करण्याच्या इराद्याने. नुसता विग आणि साडी म्हणजे इरादा नव्हे. पण विग, साडी आणि जोडीला झाकलेली नंबर प्लेट असं सगळं एकत्र सापडलं तर इराद्याचा संशय तुम्हीच पोलिसांच्या हातात दिलात. उलट नीट दिसणारी प्लेट, गाडीचे कागद, पीयूसी, विमा, खरं नाव आणि खरा पत्ता असला की त्या कलमात दम राहत नाही. सार्वजनिक ठिकाणच्या असभ्य वर्तनाची ११०, ११२, ११७ ही कलमंही पोलीस वापरतात, पण त्यात वर्तन बघायचं असतं. सीटबेल्ट लावून शांतपणे गाडी चालवणं हे काही असभ्य वर्तन नव्हे.

मोठे निकाल तुमच्या बाजूने आहेत. १५ एप्रिल २०१४ च्या नालसा निकालात सर्वोच्च न्यायालयाने पेहराव हा आपली लिंगओळख व्यक्त करण्याचा मार्ग मानला आणि त्याला राज्यघटनेच्या कलम १९(१)(अ) चं संरक्षण दिलं. तो निकाल तृतीयपंथीयांच्या हक्कांचा, पण त्यातलं पेहरावाचं तत्त्व व्यापक आहे. २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. तुम्ही स्वतःला तृतीयपंथी मानत नसाल, नुसती स्त्रीवेशाची आवड असेल, तरी चालतं. त्यासाठी तृतीयपंथीयांसाठीच्या २०१९ च्या कायद्याखालचं प्रमाणपत्र वगैरे काढायची गरज नाही. २०२३ चा डिजिटल डेटा संरक्षण कायदा आहे ना, असंही विचारतात. गुन्ह्यांच्या तपासासारख्या कामांना त्यात सूट आहे, त्यामुळे पोलिसांच्या कॅमेऱ्याविरुद्ध त्याच्या भरवशावर राहू नका. शेजाऱ्याने माहिती अधिकारात तुमचं फुटेज मागितलं तर मात्र ते मिळण्यासारखं नाही, खासगी माहितीचा अपवाद कलम ८(१)(ञ) मध्ये आहे.

हे निकाल रात्री अकराला नाकाबंदीत हवालदाराला वाचून दाखवायचे नसतात. तिथे उपयोगी पडतं ते दुसरंच. शनिवार-रविवारी गंगापूर रोडला वायनरीकडून परतणाऱ्यांची गर्दी असते, त्यामुळे तिकडे ब्रेथ अॅनालायझर समोर आला तर नवल नको. लांबूनच वेग कमी करा, हायबीम बंद, आतला दिवा चालू, काच पूर्ण खाली. लायसन्स डिजीलॉकरमध्ये असेल तरी चालतं, नियम १३९ प्रमाणे ते ग्राह्य आहे. फुंकायला सांगितलं तर नवी नळी मागा आणि फुंका. लायसन्सवरचा फोटो आणि समोरचा चेहरा यात फरक दिसणारच, तेव्हा विचारायच्या आधी तुम्हीच सांगा: ‘साहेब, लायसन्स माझंच आहे. कपडे माझ्या आवडीचे आहेत.’ बस. आवाज बारीक करून बाईचं नाव सांगू नका. कपड्यांनी तोतयेगिरी होत नाही, खोट्या नावाने होऊ शकते. आणि ‘नाटकातून येतोय’ हेही नको. सगळे हेच सांगतात, आणि पुढचा प्रश्न ठरलेला असतो: कुठलं नाटक, कालिदासला होतं का? मग खोट्यावर खोटं रचत जावं लागतं.

पोलिसाने टिंगल केली तर गिळा. पण स्वतःच्या खासगी मोबाईलवर फोटो किंवा व्हिडिओ काढायला लागला, तर नम्रपणे, पण ऐकू जाईल अशा आवाजात सांगा की चलान करायचं असेल तर मशिनवर करा, माझा व्हिडिओ कशासाठी? छातीवरच्या पट्टीवरचं नाव, जागा आणि वेळ लक्षात ठेवा. वाद तिथे घालू नका, दुसऱ्या दिवशी आयुक्तालयात लेखी द्या. बहुतेकदा इतकी वेळ येत नाही. रात्रपाळीच्या हवालदाराला तुमच्यापेक्षा मागून हॉर्न मारणाऱ्या टेम्पोची घाई जास्त असते.

यापेक्षा मला काळजी वाटते ती अपघाताची. समजा मखमलाबादच्या वळणावर एखादा दुचाकीवाला तुमच्या गाडीला घासून पडला. चूक त्याची असली तरी थांबायचं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे जखमीला मदत करणं आणि पोलिसांना कळवणं ही ड्रायव्हरची जबाबदारी आहे. लगेच कळवता आलं नाही तर २४ तासांच्या आत. कपड्यांच्या धसक्याने पळून जायचा मोह त्या क्षणी होईल, तो किती अनावर असतो हे मी अशिलांच्या तोंडून ऐकलं आहे. पळालात तर साध्या अपघाताचा हिट अँड रन होतो, मग मात्र चौकाचौकातलं फुटेज खरोखर काढलं जातं, एकेक फ्रेम बघितली जाते, आणि ते कोर्टाच्या कागदांत कायमचं बसतं. थांबलात तर पोलीस स्टेशनच्या डायरीत चार ओळी. १०८ ला फोन करा, ११२ ला फोन करा, डिक्कीत एक शर्ट-पँट ठेवलेली असेल तर रुग्णवाहिका येईपर्यंत अंगावर चढवा. लोक काय म्हणतील ते म्हणू देत. ज्याला हे जमणार नाही असं मनातून वाटतं, त्याने त्या वेशात स्टिअरिंगला हात लावू नये, हे माझं स्पष्ट मत आहे.

अपघात टाळायचा म्हणून थोडं साडीतल्या ड्रायव्हिंगबद्दलही सांगते, कारण काळा कोट आणि साडी घालून मी रोज नाशिकरोडहून कोर्टात गाडी चालवत येते. निऱ्या घोट्याच्या वर बसतील अशा खोचा, नाहीतर क्लचखाली अडकतात. पदर खांद्याला पिन करून उरलेला मांडीवर घ्या, दारात सापडू देऊ नका, आणि सीटबेल्ट पदराच्या वरून. उंच टाचेची चप्पल काढा, पण पायाशी ठेवू नका, ब्रेकखाली सरकते. शेजारच्या सीटखाली टाका आणि सपाट काहीतरी घाला. टाचेने ब्रेक अर्धा क्षण उशिरा लागतो, आणि तेवढ्यात गाडी स्टॉप लाइनच्या पुढे, म्हणजे चलान. विगचे केस उजव्या कानामागे क्लिपने बांधा, उजवा आरसा दिसला पाहिजे. पेट्रोल संध्याकाळीच भरून घ्या. पंपावर कॅमेरेही असतात आणि काचेशी येऊन बोलणारी माणसंही.

दुचाकीवाल्यांसाठी थोडक्यात. नाशिकच्या निम्म्या मुली स्कार्फ आणि गॉगल लावूनच अॅक्टिव्हा चालवतात, त्यामुळे झाकलेल्या चेहऱ्याकडे इथे कुणी वळून बघत नाही. पण स्कार्फवर हेल्मेट हवंच, कारण हेल्मेट नसल्याचा फोटो काढला जातो आणि तो सगळ्यात स्पष्ट येतो.

बायकोचं तुम्ही विचारलेलं नाही, मीही सल्ला देत नाही. फक्त कायद्याची बाजू: हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ मध्ये घटस्फोटाची कारणं आहेत, त्यात कपडे नाहीत. क्रूरतेचा आरोप मात्र कशावरूनही करता येतो, आणि कोर्टात तो लपवाछपवीवरून जास्त रंगवला जातो. चलानाचा फोटो कोर्टामार्फत मागवताही येतो.

राहिला ब्लॅकमेलचा प्रश्न. वॉचमन असो, ऑनलाइन ओळख झालेला कुणी असो, ‘घरी सांगतो, पैसे दे’ म्हणणं ही खंडणी आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ३०८. धमकीला कलम ३५१. पहिल्यांदा पाचशे दिलेत की पुढच्या महिन्यात पाच हजार मागणार, हे धरूनच चाला. पैसे न देता मेसेज, कॉलची नोंद आणि यूपीआय आयडीचे स्क्रीनशॉट ठेवा. ऑनलाइन पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला कळवा. वकिलाची फी परवडत नसेल तर कोर्टाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, फोनवर १५१०० आहे. तक्रार लिहिताना बरेच जण अर्ध्या पानापर्यंत कपड्यांची सफाई देत बसतात. ती काढून टाका. ‘माझी खासगी छायाचित्रं घरी दाखवण्याची धमकी देऊन अमुक तारखेला अमुक इतक्या रकमेची मागणी केली’ असं लिहा. छायाचित्रात तुम्ही काय घातलं होतं हे तक्रारीत लिहावं लागत नाही, कारण गुन्हा मागणाऱ्याचा आहे.